द्विविभाजन, कलिकायन, खंडीभवन यांत नेमका फरक काय?

तिन्ही अलैंगिक प्रजननाचेच प्रकार, म्हणजे जनक एकच आणि युग्मकांचं (नर-मादी प्रजनन पेशींचं) मीलन नाही, फरक फक्त शरीर कसं तुटतं त्यात. द्विविभाजनात एका पेशीच्या साधारण सारख्या दोन पेशी होतात, एकपेशीय जीवांपैकी पॅरामेशियम आडवं विभागतं, युग्लीना उभं, अमीबाला मुळात ठरावीक आकारच नाही त्यामुळे तो कुठल्याही अक्षातून. अन्नपाणी संपलं की हाच अमीबा छद्मपाद (सरकायला बाहेर काढलेले तात्पुरते पाय) आत ओढून भोवती कठीण कवच करतो, आत केंद्रकाचे बरेच भाग होतात आणि परिस्थिती सुधारली की कवच फुटून पिल्लं अमीबा बाहेर, हे बहुविभाजन.

कलिकायनात वाटणी सारखी नसते. यीस्टच्या पेशीला बारीक फुगवटा येतो, केंद्रकाचा एक भाग त्यात सरकतो, मग तो वाढून सुटतो. हायड्रा या पाण्यातल्या छोट्या प्राण्यातही असंच पण फुगवटा अनेक पेशींचा असतो, त्याला पुस्तकात मुकुलायन म्हणतात.

खंडीभवन म्हणजे स्पायरोगायरा या शेवाळाचा तंतू तुटला की प्रत्येक तुकडा वाढून नवा तंतू. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचं पुनर्जनन यातच घुसडतात लोक, पण तिथे तुकड्याला हरवलेलं डोकं-शेपूट परत घडवावं लागतं, म्हणून ते वेगळं धरा.