वाचकांचे प्रश्न : ग्रीसची बेटे आणि दहा दिवसांची सुट्टी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ग्रीसच्या बेटांविषयी होती. त्यांतील एका पत्राला सविस्तर उत्तर दिले तर इतरांच्या शंकाही पुष्कळशा मिटतात, म्हणून ते पत्र प्रथम घेतले आहे.

प्रश्न : आम्ही दोन जोडपी येत्या जून महिन्यात पहिल्यांदाच ग्रीसला जाणार आहोत. हाताशी दहा दिवस आहेत. सँटोरिनी, मिकोनोस, क्रीट, ऱ्होड्स आणि कॉर्फू ही पाच बेटे पाहायचे ठरले आहे. ती कोणत्या क्रमाने घेतल्यास प्रवास सोयीचा होईल?

उत्तर : क्रमाचा विचार नंतर करू, आधी या यादीतून निदान तीन नावे कमी करावी लागतील. नकाशावर ही पाचही बेटे एकाच निळ्या पाण्यात विखुरलेली दिसतात, पण कॉर्फू ग्रीसच्या पश्चिमेला इओनियन समुद्रात आहे आणि सँटोरिनी व मिकोनोस पूर्वेकडच्या एजियन समुद्रात. कॉर्फूहून सँटोरिनीला थेट बोट नाही. बहुधा अथेन्समार्गे विमानानेच जावे लागते. ऱ्होड्स तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे, आणि अथेन्सच्या पिरेअस बंदरातून संध्याकाळी निघालेली बोट तिथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. क्रीट तर अडीचशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलेले, स्वतःचे डोंगर आणि दऱ्या असलेले बेट आहे. हानिया ते हेराक्लिओन हे अंतरच सुमारे 140 किलोमीटर आहे, आणि समारियाच्या घळीतील 16 किलोमीटरच्या पायवाटेला एक अख्खा दिवस द्यावा लागतो. दहा दिवस एकट्या क्रीटलाही पुरणार नाहीत. तेव्हा दोन दिवसांत ते उरकण्यापेक्षा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलेले बरे.

ग्रीसमध्ये लहानमोठी मिळून सुमारे 6,000 बेटे मोजली जातात आणि त्यांपैकी 227 बेटांवर वस्ती आहे, असा आकडा सामान्यतः दिला जातो. बोटींचे मार्ग मात्र बेटांच्या समूहांनुसार आखलेले आहेत. एका समूहातल्या बेटांवर एकाहून दुसरीकडे जाणे सोपे असते, पण समूह बदलायचा म्हटला की बहुतेक वेळा पुन्हा अथेन्स गाठावे लागते. म्हणून समूह आधी ठरवावा आणि मग त्यातली दोन बेटे निवडावीत. पहिल्या भेटीसाठी आपण सँटोरिनी आणि मिकोनोस ज्यात येतात तो सायक्लाडीझ हा समूह घ्यावा, कारण पांढरी घरे आणि निळे घुमट यांची जी छायाचित्रे पाहून बहुतेकांना ग्रीसची ओढ लागते, ती याच समूहातली असतात.

बेटांची संख्या कमी करण्याचा आग्रह का, तेही सांगतो. पिरेअसहून सँटोरिनीला साधी मोठी बोट सात ते आठ तास घेते, तर वेगवान बोट सुमारे पाच. याच समूहातल्या पारोस आणि नाक्सोस या शेजारच्या बेटांमधले अंतर बोटीने तासाभराहून कमी आहे. कागदावर हा तास क्षुल्लक वाटतो. पण त्या दिवशी सकाळी खोली सोडायची, सामान घेऊन वेळेआधी बंदरावर थांबायचे, बोट उशिरा आली तर आणखी थांबायचे, नव्या बेटावर उतरून मुक्कामाचे ठिकाण शोधायचे आणि खोली ताब्यात मिळेपर्यंत कुठेतरी बसायचे, यात अर्धा दिवस सहज जातो. पाच बेटे म्हणजे असे चार अर्धे दिवस, शिवाय येण्याजाण्याचे दिवस वेगळे. सुट्टीचा मोठा भाग बंदरांच्या धक्क्यांवर काढायचा असेल, तरच तो बेत योग्य म्हणता येईल.

माझ्या मते आपला बेत असा असावा : पहिली रात्र अथेन्समध्ये, त्यानंतर चार रात्री नाक्सोस, तीन रात्री सँटोरिनी आणि शेवटची रात्र पुन्हा अथेन्समध्ये. नाक्सोस हे सायक्लाडीझमधले सर्वांत मोठे बेट असून तिथे पर्यटनाखेरीज शेती आणि गुरेही आहेत, त्यामुळे बेटाला स्वतःचे आयुष्य आहे. गावाच्या तोंडाशीच अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातली ही चौकट बोटीतूनच दिसू लागते. मिकोनोसचा मोह सुटत नसेल, तर उन्हाळ्यात नाक्सोसहून डेलोस आणि मिकोनोस अशी एका दिवसाची सहल करता येते. डेलोस हे अपोलोचे जन्मस्थान मानले जाते. तिथे मुक्कामाला परवानगी नाही आणि सावलीही जवळजवळ नाही, एवढे ध्यानात ठेवून टोपी आणि पाणी सोबत घ्यावे.

सँटोरिनी शेवटी ठेवण्याचे कारण म्हणजे तिथून अथेन्सला विमानाने परतता येते. मात्र मायदेशी परतण्याचे विमान आणि बेटावरून निघणे, ही दोन्ही एकाच दिवशी कधीही ठेवू नयेत. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढण्याचा खर्च हा वायफळ खर्च नसून तो एक प्रकारचा विमाच आहे.

पिरेअसविषयी एक सूचना अनुभवातून करतो. हे बंदर अवाढव्य असून त्याच्या प्रवेशद्वारांना क्रमांक दिलेले आहेत, आणि काही द्वारांमध्ये चांगलीच पायपीट होईल इतके अंतर आहे. पहिल्या खेपेला मी चुकीच्या द्वाराशी ऐटीत उभा राहिलो होतो आणि माझी बोट समोरून निघून जाताना मी तिला जवळजवळ हात हलवून निरोप दिला. आपल्या बोटीचे द्वार आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. विमानतळावरून पिरेअसपर्यंत थेट मेट्रो आहे. सुमारे तासभर लागतो.

खर्चाच्या अंदाजपत्रकात बहुधा सुटणारी एक बाब म्हणजे हवामान बदलाशी निगडित कर. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो दर खोलीमागे दर रात्री घेतला जातो, आणि 2025 पासून एक-दोन तारांकित हॉटेलात 2 युरो, तीन तारांकितात 5, चार तारांकितात 10 आणि पंचतारांकितात 15 युरो असे त्याचे दर आहेत. आपल्या दोन खोल्या नऊ रात्री तीन तारांकित हॉटेलात असतील, तर 90 युरो होतात. ही रक्कम बऱ्याचदा आगाऊ आरक्षणाच्या किमतीत धरलेली नसते आणि हॉटेलात प्रत्यक्ष द्यावी लागते.

प्रश्न : माझ्या आईचे वय 71 आहे आणि तिचे गुडघे दुखतात. सँटोरिनी पाहण्याची तिची फार इच्छा आहे. तिला तिथे नेणे योग्य ठरेल का?

उत्तर : अवश्य न्यावे, मात्र मुक्काम कड्यावर करू नये. सुमारे 3,600 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला; फिरा, इमेरोविग्ली आणि इया ही प्रसिद्ध गावे त्या खचलेल्या भागाच्या कड्यावर वसलेली आहेत. तिथल्या पुष्कळ हॉटेलांत रस्त्यापासून खोलीपर्यंत उतरायला पायऱ्यांवर पायऱ्या असतात, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रात त्या दिसत नाहीत. फिराहून खाली जुन्या धक्क्यापर्यंत 588 पायऱ्या आहेत. त्या वाटेला जाऊच नये, कारण दोरवाटेची सोय आहे.

आईंसाठी बेटाच्या पूर्वेकडचे कामारी किंवा पेरिसा हे गाव निवडावे. दोन्ही गावे सपाट आहेत, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि फिराला जाणाऱ्या बस मिळतात. तिथली वाळू काळी असल्याने दुपारी तव्यासारखी तापते, तेव्हा पायांत चपला हव्यातच. आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलला एकच नेमका प्रश्न लिहून विचारावा : गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? उत्तरात आकडा आला नाही, तर दुसरे हॉटेल पाहावे.

इया गावातला सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे आणि तिथली गर्दीही. जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो. त्याआधी तासभर लोक अरुंद गल्ल्यांतून जागा धरून उभे असतात. ज्यांना उभे राहणे जड जाते त्यांनी गाडीने अक्रोतिरीच्या टोकावरील दीपगृहाकडे जावे. त्याच वाटेवर, उद्रेकाच्या राखेखाली गाडले गेलेले प्राचीन नगर उत्खननातून बाहेर आले आहे आणि ते छताखाली असल्याने उन्हाचा त्रास होत नाही. मला स्वतःला विचाराल, तर सूर्यास्तापेक्षा ते नगर अधिक लक्षात राहते.

बोटीने जाणार असाल, तर मोठी साधी बोट घ्यावी. ती हळू जाते, पण कमी डुलते, आणि अशा बोटींवर सहसा लिफ्ट किंवा सरकते जिने असतात.

प्रश्न : मुलांच्या परीक्षांमुळे आम्हांला 10 ते 20 ऑगस्ट हाच काळ मोकळा आहे. त्या दिवसांत वाऱ्यामुळे बोटी बंद राहतात असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, मात्र रोजच तसे घडते असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब अधिक असतो आणि तापलेल्या तुर्कस्तानवर तो कमी असतो. या फरकामुळे आकाश निरभ्र असतानाही वारा जोराने सुटतो आणि कधी सलग काही दिवस टिकतो. ढग नाहीत म्हणून समुद्र शांत असेल, ही समजूत इथे चालत नाही. वाऱ्याचा जोर आणि बोटीचा प्रकार पाहून प्रस्थानाला बंदी घातली जाते, आणि तिचा फटका सहसा लहान व वेगवान बोटींना आधी बसतो. याच वाऱ्यामुळे बेटांवरचा उन्हाळा सुसह्य होतो. पण अंग भाजत असल्याचे त्याच्यामुळे वेळेवर कळत नाही, म्हणून मुलांच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत घेण्याचा किंवा पुढच्या बोटीने जाण्याचा हक्क प्रवाशाला आहे. अडकून पडलेल्या रात्रीचा हॉटेलखर्च मात्र युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा प्रसंगी बोट कंपनीवर बंधनकारक नसतो. तेव्हा तेवढी रक्कम आणि एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

आपल्या तारखांत दुसरी अडचण आहे. 15 ऑगस्ट हा मेरीमातेच्या महानिर्वाणाचा सण असून ग्रीसमधला उन्हाळ्यातला तो सर्वांत मोठा सण आहे. त्या सुमारास अथेन्सचे लोकही बेटांकडे निघतात, आणि टिनोस बेटावर तर यात्रा भरते. 13 ते 16 ऑगस्टच्या दरम्यान बेट बदलण्याचा बेत करू नये. त्या चार दिवसांत एकाच ठिकाणी राहावे.

मुलांना बोट लागत असेल, तर मी एजियनचा विचारच सोडून केफालोनिया किंवा कॉर्फू सुचवीन. इओनियन बेटांना मेल्टेमीचा जाच नसतो. हिवाळ्यात तिथे पाऊस अधिक पडत असल्याने ती बेटे हिरवीगारही असतात, आणि दोन्हींवर विमानतळ आहे. पांढऱ्या घरांची छायाचित्रे तिथे मिळणार नाहीत, एवढीच उणीव राहील.

कोणत्याही बेटावर असलात, तरी फोन चालू असू द्यावा. जुलै 2023 मध्ये ऱ्होड्सवर वणवा भडकला तेव्हा सुमारे 19,000 लोकांना हलवावे लागले. अशा वेळी स्थलांतराच्या सूचना 112 या आपत्कालीन यंत्रणेकडून थेट फोनवर येतात.

प्रश्न : आम्ही संपूर्ण शाकाहारी आहोत. बेटांवर जेवणाची अडचण होईल का?

उत्तर : फारशी होणार नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असल्याने तिथल्या स्वयंपाकात मांसाविना होणारे पदार्थ मुळातच भरपूर आहेत. तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात; हा शब्द लक्षात ठेवावा. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या, सिफनोस बेटावरची मंद आचेवर रात्रभर शिजणारी हरभऱ्याची उसळ आणि सँटोरिनीचा ‘फावा’ हे पदार्थ जरूर मागावेत. हा फावा म्हणजे लाखेच्या जवळच्या जातीची डाळ घोटून केलेला पदार्थ आहे. भरलेल्या भाज्यांत कधीकधी खिमा असतो, तेव्हा तेवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : कोस बेटावर राहून एक दिवस तुर्कस्तानातील बोद्रुम पाहून परत यावे, असा विचार आहे. भारतीय पारपत्रावर हे जमेल का?

उत्तर : व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, यावर ते अवलंबून आहे. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि तुर्कस्तान त्याच्या बाहेर आहे. आपल्याकडे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल, तर कोसच्या धक्क्यावर बाहेर पडल्याची नोंद होताच तो संपतो, आणि संध्याकाळी परत येताना आपल्याला प्रवेश नाकारला जाईल. सामान मात्र कोसच्या हॉटेलात राहील. म्हणून अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि बोद्रुमचा बेत अर्जात स्पष्ट लिहावा. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागेल.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, आणि किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक आहे. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून मार्चमध्येच कामाला लागावे. व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला, तर बोद्रुमचा नाद सोडून कोसहून निसिरोसला जावे. तिथे ज्वालामुखीच्या विवराच्या तळापर्यंत चालत उतरता येते, पायाखालची जमीन गरम लागते, आणि ते बेट ग्रीसमध्येच असल्याने सीमा ओलांडण्याचा प्रश्न येत नाही.