लय चढली की तिरकिट का गुंतते

तबल्यावरचा ‘धाधा तिरकिट धाधा तिंना’ हा कायदा (बोलांची ठरीव रचना) ठाय म्हणजे संथ लयीत स्वच्छ वाजतो, परंतु लय चढताच तिरकिट गुंतते, असे आपण लिहिले आहे. याच जागी मी दीड वर्ष अडकलो होतो, म्हणून हे उत्तर. मी शिक्षक नाही आणि निकास (बोल हाताने काढण्याची पद्धत) घराण्यागणिक बदलतो, तेव्हा कोणते बोट कोठे पडावे याबाबत आपल्या गुरुजींचाच शब्द प्रमाण मानावा.

लेहऱ्याच्या (तालासाठी सतत फिरत राहणाऱ्या धुनेच्या) अ‍ॅपवर लय रोज पाच मात्रांनी वाढवायची आणि दर वेळी कायदा पहिल्या ‘धा’पासून पूर्ण वाजवायचा, असा नेम मी केला होता. मिनिटाला 90 मात्रांच्या आसपास मनगट आखडू लागले, तर ते मी हात तयार होत असल्याचे लक्षण समजलो. प्रत्यक्षात अडखळण्याचाच रियाज रोज पन्नास वेळा घडत होता. समाजमाध्यमांवरील ‘चिल्ला’ची (ठरावीक दिवस चालणाऱ्या कठोर रियाजाची) प्रदर्शने पाहून असल्या हट्टाला आणखी बळ मिळते, हे माझे स्पष्ट मत आहे.

अखेर ध्वनिमुद्रण मंद गतीने ऐकले तेव्हा कळले की तिरकिटाची चारही अक्षरे जागेवर होती. उशीर होत होता तो पुढच्या ‘धा’ला, कारण शाईवरचा (मधल्या काळ्या भागावरचा) हात चाटेवर (कडेच्या पट्टीवर) वेळेत पोहोचत नव्हता. या कायद्यात तिरकिट एका मात्रेत बसते, म्हणजे 60 च्या लयीत सेकंदाला चार आघात होतात आणि 120 ला आठ. ठाय लयीत मी हात ऐटीत उचलत असे. द्रुत लयीत तेवढा अवकाशच उरत नाही, म्हणून सावकाश वाजवतानाही हात पुडीलगतच, म्हणजे तबल्याच्या कातड्यालगतच, ठेवावा लागतो.

त्यानंतर मी फक्त ‘तिरकिटधा’ एवढाच तुकडा घेतला. तो अपेक्षित गतीत एकदाच वाजवायचा, ‘धा’वर थांबायचे, खांदा सैल सोडायचा आणि मगच पुन्हा वाजवायचा. तो जमल्यावर मागचा ‘धा’ जोडला, मग पुढचा, आणि संपूर्ण कायदा सर्वांत शेवटी. पढंतीत, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, जीभ अडखळत असेल, तर हाताला दोष देण्यापूर्वी तीच सुधारावी. मनगट दुखत असल्यास मात्र वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मी ते टाळले आणि दोन महिने तबल्यापासून दूर राहिलो.

जाता जाता एक गोष्ट : पावसाळ्यात दमट हवेने पुडी उतरते आणि बोटाला उसळी मिळत नाही, तेव्हा आधी तबला स्वरात लावून घ्यावा.