गुडघेदुखी असलेल्या सत्तरीतल्या वडिलांना घेऊन देवगिरी किल्ला पाहता येईल का? वेरूळ त्याच दिवशी होईल का?

तुम्ही रत्नागिरीहून येताय असं लिहिलंय, म्हणजे डोळ्यांपुढं रत्नदुर्ग असणार. तिथं गाडी भगवतीच्या देवळाजवळ जाते आणि समुद्र फारसं न चढताच दिसतो. आमच्या देवगिरीला तसं नाही. गाडी खाली लावायची, पुढं सगळं पायी. तरी वडिलांना आणू नका असं मी म्हणणार नाही, कारण या किल्ल्याचा निम्म्याहून जास्त ऐवज खालीच आहे.

महाकोटातून आत शिरलं की हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार हे सगळं सौम्य चढावर आहे. भारतमाता मंदिराचे खांब सावकाश बघा. ते जुन्या देवळांचे. खिलजींच्या काळात त्यांचीच मशीद झाली, आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तिथं भारतमातेची मूर्ती बसली. चांदमिनार बहमनींचा. तो खालूनच बघायचा. पुढं पायऱ्या चढून चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा याला औरंगजेबानं इथंच कैदेत ठेवलं होतं. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे.

आता खरी गोष्ट. चिनी महालापाशी वडील दमले तर थोडं बसवा, पण खंदकापर्यंत आणाच. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी सरळ उभा तासलाय, पायाशी खोल खंदक, आणि पलीकडं जायला एक अरुंद पूल. शिडी लावायला जागा नाही, तोफ ओढायला वाट नाही. म्हणूनच या किल्ल्यावर हल्ल्यापेक्षा उपासमारीनं जास्त काम केलं. खिलजीनं १२९६ च्या सुमारास वेढा घातला तेव्हा रामदेवरायानं धान्य म्हणून वर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा आहे. १६३३ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, पण आतला बालेकिल्ला मलिक अंबरच्या मुलानं, फतेहखानानं, शेवटी स्वतःच हवाली केला. आतलं धान्य संपत आलं होतं.

पूल ओलांडला की अंधेरी. खडकातून कोरलेला वळणावळणाचा काळोखी जिना, उंच-सखल पायऱ्या, वटवाघळांचा वास. गुडघे दुखणाऱ्या माणसाला इथून पुढं नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. तुम्ही आणि मुलगी मात्र जा. मोबाईलचा उजेड पुरत नाही, चांगली बॅटरी घ्या. वर गणपतीचं देऊळ, शहाजहानच्या काळातली बारादरी, आणि माथ्याजवळ नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची जागा. स्वामी इथले किल्लेदार होते, पैठणचे एकनाथ इथंच त्यांच्याकडं शिकले. वडील वारकरी असले तर ही गोष्ट त्यांना खालीच सांगा, नाहीतर वर यायचा हट्ट धरतील.

वेळ म्हणाल तर माथ्यापर्यंत जाऊन यायला तीन-चार तास धरा. सकाळी दार उघडताच आत शिरा. दहानंतर काळा दगड तापतो आणि उन्हाळ्यात तर नकोच. पाणी प्रत्येकाजवळ वेगळं असू द्या. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, वानरं हिसकतात.

वेरूळ त्याच दिवशी? नको. चौतीस लेणी आहेत, आणि एकट्या कैलासात अर्धा दिवस जातो. किल्ला उतरून जेवण करा, दुपारनंतर खुलताबादचा भद्रा मारुती आणि घृष्णेश्वर करा, लेणी दुसऱ्या दिवशी. तो दिवस मंगळवार येऊ देऊ नका, वेरूळ मंगळवारी बंद असतं. स्वतःची गाडी नसेल तर संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडं जाणारी एसटी पकडा, किल्ला साधारण १५ किलोमीटरवर रस्त्यालाच आहे. दिवाळीच्या आसपास आलात तर खाली सीताफळं विकायला असतात, ती उतरताना घ्या, चढताना नाही.