किरिन बिअरवर जिराफ का नाही?

प्रश्न भारी आहे. जपानी शिकताना किरिन म्हणजे जिराफ असं शिकवतात आणि किरिन या जपानी बिअरच्या बाटलीवर मात्र आयाळवाला, खवलेवाला, अर्धा घोडा अर्धा ड्रॅगन असा कुठलातरी प्राणी उधळलेला दिसतो, हा काय घोळ?

तर बाटलीवरचा तो मूळचा किरिन. चिनी पुराणातला छीलिन (किरिन हा त्याचाच जपानी उच्चार), हरणाचं अंग, बैलाची शेपूट, घोड्याचे खूर, आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो ना त्याच जातकुळीतला, फक्त हा अगदी सोज्वळ, थोर माणूस जन्माला यायचा असला की दर्शन देणारा. जपानीत हुशार पोराला अजूनही 'किरिनजी' म्हणतात ते त्यावरूनच.

जिराफ यात नंतर घुसला. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने चीनच्या योंगल बादशहाला एक जिराफ नजराणा पाठवला, मुळात तो आफ्रिकेतून आलेला, आणि दरबारी मंडळींनी लगेच छीलिन अवतरला म्हणून जाहीर करून टाकलं, कारण छीलिन दिसला म्हणजे राजा पुण्यवान! सोमालीत जिराफाला 'गेरी' म्हणतात, त्याच्या उच्चारावरून गोंधळ झाला असंही काहीजण म्हणतात, पण मला विचाराल तर खुशामत हे कारण पुरेसं आहे. गंमत म्हणजे चिनी लोकांनी पुढे ते नाव सोडलं, ते आता जिराफाला सरळ 'लांबमान्या हरीण' म्हणतात, आणि जपानी नि कोरियन भाषेत मात्र किरिन-गिरिन चिकटून बसलं.

आता बिअर. योकोहामात कोपलंड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने १८७० मध्ये ब्रुअरी काढली होती, ती बुडाल्यावर त्याच जागेवर १८८५ ला जपान ब्रुअरी कंपनी उभी राहिली आणि १८८८ ला तिने किरिन बिअर बाजारात आणली. तेव्हा बाहेरून येणाऱ्या बाटल्यांवर लांडगे, मांजरं असले प्राणी असायचे, म्हणून मित्सुबिशीच्या शोदा हेइगोरो यांनी सुचवलं की आपण पूर्वेकडचा शुभ प्राणी घेऊ. म्हणजे नाव आणि चित्र एकदमच ठरलं, आणि तेव्हा जपानात जिवंत जिराफ कोणी पाहिलेलाही नव्हता, टोकियोच्या उएनो झूमध्ये ते आले १९०७ ला, योगायोगाने किरिन ब्रुअरी ही कंपनी स्थापन झाली तेही त्याच वर्षी.

बाटली हाताशी असेल तर चित्र जरा डोळ्याजवळ धरून बघा, आयाळ-शेपटीच्या केसांत की, रि, न ही काताकाना या जपानी लिपीतली तीन अक्षरं बारीक लपवलेली आहेत.