बी.ए.च्या पोरांना कॉम्प्युटर शिकवताना

सर, पहिल्याच तासाला कॉम्प्युटरच्या पिढ्या आणि फुलफॉर्म फळ्यावर लिहू नका. पोरं उतरवून घेतील, पाठही करतील अन् दुसऱ्या दिवसापासून दांडी मारतील.

थेट नोटपॅड उघडा. मराठीत ‘लातूर’ टाइप करून यूटीएफ-८ (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करायला लावा आणि फाइलची साइझ बघायला सांगा: १५ बाइट. तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ५. कुणीतरी ‘सर, असं का?’ विचारतंच. मग फोडून दाखवा: ल, काना, त, दीर्घ ऊकार, र, प्रत्येकी ३ बाइट, आणि एका बाइटचे ८ बिट, बिट म्हणजे नुसता ० किंवा १. इथून बायनरीकडे, म्हणजे ०-१ च्या आकडेमोडीकडे वळलात की ती गळी उतरते. शेवटी एंटर मात्र दाबू देऊ नका, आकडा वाढतो. कृतिदेव फॉन्टही नको, तो इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी आकार देतो, त्यात हा हिशेब जमत नाही. (आपल्याकडच्या निम्म्या ऑफिसांत अजून तोच, ते सोडा.)

रॅम आणि डिस्कमधला फरक लाइट गेली की समजवा: रॅममधलं पुसलं जातं, डिस्कवर सेव्ह केलेलं राहतं. आपल्याकडे वाट बघावी लागत नाही.

फोनवर सराईत असलेली पोरं माउस धरताना अडखळतात, तेव्हा हसू नका. आणि कोडिंगचं नाव दिवाळीनंतरच काढा.