अर्धांगवायूनंतर दुखणाऱ्या खांद्याची सोनोग्राफी कशासाठी?

अर्धांगवायू होऊन तीन महिने झालेल्या आपल्या वडिलांचा खांदा दुखतो, एक्स-रेमध्ये काही निघाले नाही आणि तरीही डॉक्टरांनी खांद्याची सोनोग्राफी सांगितली आहे. तिने वेगळे काय कळणार, असे आपण विचारले आहे. मी रेडिओलॉजिस्ट असून अशा रुग्णांची ही तपासणी नेहमी करतो.

एक्स-रे मुख्यतः हाडे दाखवतो. या रुग्णांचा खांदा मात्र पुष्कळदा हाडांभोवतीच्या मऊ भागांमुळे दुखतो, म्हणजे हात वर उचलणाऱ्या सुप्रास्पायनेटस स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी), पुढच्या बाजूचा बायसेप्सचा टेंडन किंवा बर्सा नावाची पातळ पिशवी, आणि हे भाग सोनोग्राफीत चांगले दिसतात. बायसेप्सचा टेंडन आडव्या छेदात पांढऱ्या टिकलीसारखा दिसतो व त्याच्या आवरणात पाणी साठले असेल, तर टिकलीभोवती काळे कडे उमटते. लुळ्या बाजूचा दंड बऱ्याचदा आत वळलेला असतो, त्यामुळे ही टिकली नेहमीच्या जागी न सापडता छातीच्या बाजूला सरकलेली आढळते. शिवाय प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण, जरासा कलला, तरी धडधाकट टेंडन काळपट दिसून फाटल्याचा भास होतो. म्हणून स्नायू व सांध्यांच्या सोनोग्राफीचा सराव असलेल्या डॉक्टरांकडेच ही तपासणी करावी.

खांदा उतरला आहे का, हे पाहायचे असेल तर रुग्णाला बसवून, हाताचा आधार काढून, खांद्याच्या टोकाचे हाड आणि दंडाच्या हाडाचा उंचवटा यांतील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे लागते, कारण आडवे झोपल्यावर हाताचा भार खाली ओढत नाही आणि फट झाकली जाते.

एक गोष्ट मात्र मी उमेदवारीच्या काळात उशिरा शिकलो. एका वयस्क रुग्णाच्या दुखऱ्या खांद्यात टेंडन फाटल्याचा अहवाल मी लिहिला आणि नंतर न दुखणारा खांदा पाहिला, तर तेथेही तशीच फाट होती! वयोमानाने अशा फाटी पडतात व त्या दुखतातच असे नाही, त्यामुळे दोन्ही खांदे तपासल्याविना आलेल्या अहवालावर मी फारसा विसंबत नाही. स्नायूंचा ताठरपणा किंवा मेंदूतील इजेमुळे होणारी वेदना सोनोग्राफीत दिसत नाही, आणि आखडलेल्या खांद्याचे निदानही प्रामुख्याने हात हलवून पाहूनच होते. बर्सा सुजलेली आढळली आणि इंजेक्शन द्यायचे ठरले, तर सुईचे टोक पडद्यावर पाहत ते नेमक्या जागी देता येते.

तपासणीला जाताना वडिलांना पुढून उघडणारा सदरा घालावा, जुना एक्स-रे बरोबर न्यावा आणि त्यांना खुर्चीतून उठवताना लुळा हात किंवा काख धरून ओढू नये; दुखऱ्या खांद्याला त्या ओढण्यानेच आणखी इजा होऊ शकते.