मेकॅनिकलचं एम.टेक.: आधी प्रश्न, मग कॉलेज

तू विचारलंस ते थोडक्यात असं. बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, हातात बंगळूरच्या एका आयटी कंपनीची ऑफर आहे. घरचे म्हणतात नोकरी धर, सर म्हणतात एम.टेक. कर. हीट ट्रान्सफर आवडतं, पण थर्मल घ्यावं की डिझाइन हे ठरत नाही. दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकलीस, म्हणून इंग्रजीत थिसिस जमेल का ही धास्ती आहे. आणि शेवटी, 'दादा, मेकॅनिकल संपलंय असं सगळे म्हणतात, खरं आहे का?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच मनात खुपत असणार. नाही, संपलेलं नाही. तू ज्या शहरात शिकतेस तिथेच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा हा माणूस बेळगावात येऊन कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला लागला. १९१० मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी झाली. पण सुरुवात इथली. आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या (धातू वितळवून साच्यात ओतायचे कारखाने), मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीचं एरोस्पेसचं विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ), हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना, चिकोडी-अथणी-रायबाग पट्ट्यातले साखर कारखाने, आणि तवंदी घाट उतरून निपाणी ओलांडली की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. एवढ्या पट्ट्यात मेकॅनिकलचं काम पडलेलं आहे. खरी अडचण अशी की नुसत्या बी.ई.वर मिळणाऱ्या पहिल्या नोकरीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो आणि तो वाढायला वेळ लागतो. घरचे बोलतात ते या पगाराकडे बघून बोलतात. त्यात त्यांचं चूक नाही.

आता एम.टेक. कशासाठी असतं ते. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी या कामांना ते लागत नाही. तिथे दोन वर्षांचा अनुभव दोन वर्षांच्या डिग्रीपेक्षा जास्त मोजला जातो. सरकारी कंपन्यांनाही लागत नाही. एनटीपीसी, ओएनजीसीसारख्या कंपन्या बी.टेक. झालेल्यांना गेटच्या (एम.टेक. प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या) गुणांवर घेत आल्या आहेत. एम.टेक. लागतं ते इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर, पुढे पीएच.डी. करायची असेल तर बहुतेक वेळा, आणि फायनाइट एलिमेंट (वस्तूचे बारीक तुकडे कल्पून संगणकावर ताण काढणं), सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित), व्हायब्रेशन, कास्टिंग सिम्युलेशन अशा कामांत खोल उतरायचं असेल तर. या तिन्हींपैकी काहीच नको असेल आणि 'बी.ई. झालं, आता पुढे काय' म्हणून एम.टेक. करणार असशील तर करू नकोस. मी हे कळकळीने सांगतोय. दोन वर्षं आणि वडिलांचे पैसे खर्च होतात आणि मुलं पुन्हा त्याच पगाराच्या रांगेत उभी राहतात, हे मी आसपास पुष्कळ पाहिलंय.

मी स्वतः बी.ई.नंतर उद्यमबागेत एका फौंड्रीत काही वर्षं काम केलं आणि मग एम.टेक.ला गेलो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या थर्मल-डिझाइनच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आमच्याकडे एसजी आयर्नचा, म्हणजे आत ग्रॅफाइटच्या गोळ्या असलेल्या ओतीव लोखंडाचा, एक जॉब होता. त्यात जाड भागात आत श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, यायचं. एका हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) सगळे पीस चांगले, दुसऱ्या हीटमध्ये रिजेक्शन. केमिस्ट्री तीच, पॅटर्न तोच, रायझर (कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साच्यातला कप्पा) तोच. जुने लोक म्हणायचे रायझर मोठा करा. रायझर मोठा केला की धातू जास्त लागतो, वीज जास्त जाते, यील्ड (ओतलेल्या धातूतून मिळणारा चांगला माल) पडतं, आणि तरीही श्रिंकेज यायचं ते येतच होतं. बी.ई.ला आपण च्वोरिनॉव्हचा नियम शिकतो: घट्ट व्हायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यावरून रायझर काढायचा, म्हणजे कास्टिंग घट्ट होईपर्यंत रायझर वितळलेला राहील आणि पोकळी भरून काढेल. स्टीलला हे बऱ्यापैकी लागू पडतं. एसजी आयर्नमध्ये मात्र घट्ट होताना ग्रॅफाइटच्या गोळ्या तयार होतात आणि ग्रॅफाइट जागा जास्त घेतं, म्हणजे धातू आतून फुगतो. साचा कडक असेल तर हा फुगवटा आतल्या पोकळ्या दाबून भरतो. साचा मऊ असेल तर भिंतच बाहेर सरकते, पोकळी आणखी मोठी होते आणि श्रिंकेज राहतं. म्हणजे दोष रायझरमध्ये शोधायचा तो साच्याच्या वाळूत, सँडमध्येही असू शकतो: ओलावा किती, कॉम्पॅक्शन किती, साच्याची हार्डनेस कुठे किती. शिवाय इनॉक्युलेशननंतर (ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून धातूत भर टाकल्यावर) लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, किती वेळ थांबलं, पोअरिंग टेंपरेचर काय होतं, हे सगळं त्यात मिसळतं.

फौंड्रीत असताना यातलं निम्मं मला कळत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. रोजच्या डिस्पॅचच्या घाईत कोण एक एक गोष्ट वेगळी करून बघणार? एम.टेक.ला तेच केलं. पहिल्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड हीट ट्रान्सफर, न्यूमरिकल मेथड्स आणि फायनाइट एलिमेंटचे पेपर. तिथे गणित बी.ई.पेक्षा फार पुढे जातं, पार्शल डिफरन्शियल इक्वेशनला घाबरून चालत नाही. दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रोजेक्टचं. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवलेले साचे ओतले, कूलिंग कर्व्ह घेतले, सिम्युलेशनशी ताडून पाहिले, जुळत नव्हतं तिथे का जुळत नाही ते खणलं. आज जे काम करतो ते त्या दुसऱ्या वर्षावर उभं आहे. मार्कशीट कुणी फारशी विचारली नाही. 'प्रोजेक्टमध्ये काय केलं' हे मात्र प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारलं गेलं, आणि त्यावर मी तासभर बोलू शकत होतो.

म्हणून थर्मल की डिझाइन हा प्रश्न मी असा फिरवून विचारेन: तुला कोणत्या वस्तूचं कोडं सोडवायचं आहे? वर सांगितलेलं काम बघ. विषय हीट ट्रान्सफरचा, पण हे काम बहुतेक ठिकाणी मॅन्युफॅक्चरिंगच्या लॅबमध्ये चालतं. साखर कारखान्याच्या कोजनरेशनमध्ये (वीज बनवणाऱ्या विभागात) बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, बॉयलर चालतो, आणि बगॅसच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. ते जळण सुकवायचं कसं, उष्णता कुठे वाया जाते, हे अस्सल थर्मल. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी थंड ठेवणं हेही थर्मल, आणि त्याला मागणी आहे. हायड्रॉलिक प्रेसची फ्रेम कुठे वाकते, विमानाचा पार्ट थकून कुठे तुटेल, हे डिझाइन. तापलेल्या टर्बाइनच्या पात्यावर दोन्ही एकत्र येतात. तेव्हा स्पेशलायझेशनच्या पाटीपेक्षा त्या विभागातले प्राध्यापक कशावर काम करतात ते बघ. त्यांचे पेपर इंटरनेटवर मिळतात. चार पेपरांची नुसती प्रस्तावना वाचलीस तरी कुठे मन रमतं ते कळेल.

गेटचं सांगतो. मेकॅनिकलचा पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे आणि साधारण १३ गणिताचे. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त गुण असे आहेत जे मेकॅनिकलचं एक पान न उघडता मिळवता येतात, आणि आपली मुलं नेमकं तेच शेवटाला ठेवतात. बाकीच्यात थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर, फ्लुइड, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि मॅन्युफॅक्चरिंग एवढे पक्के कर. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर सगळे विषय फुकट आहेत, आयआयटीच्याच प्राध्यापकांचे. क्लासला पुण्याला किंवा हैदराबादला जायची गरज मला तरी वाटत नाही. जुने पेपर घड्याळ लावून सोडवणं जास्त कामाला येतं. स्कोअर ३ वर्षं चालतो, हे घरी नीट समजावून सांग. या वर्षी परीक्षा देऊन नोकरी धरलीस तरी तो वाया जात नाही.

चांगला स्कोअर आला तर आयआयटींना वेगवेगळे अर्ज करायचे आणि ऑफर सीओएपी या आयआयटींच्या सामाईक पोर्टलवर बघायच्या. एनआयटींसाठी सीसीएमटी ही एकत्रित प्रवेशप्रक्रिया. कर्नाटकात सुरतकलला एनआयटी आहे, आणि आयआयटी धारवाड तर दोन तासांच्या आत. २०१६ ला सुरू झालेली ही संस्था आपल्या दारात आहे, पण आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यात ती फारशी येत नाही. मुंबई आयआयटीत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप घेऊन शिकता येतं, ते प्रकारही नीट वाच. गेटवर प्रवेश मिळाला की एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) मान्यतेच्या कॉलेजात आणि या संस्थांमध्येही महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. मेस आणि वरखर्च त्यात भागतो, फीसाठी लागलं तर शैक्षणिक कर्ज.

गेट झालं नाही तर कर्नाटकात पीजीसीईटी ही राज्याची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आहे. त्यावर व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजांत जागा मिळतात, आणि मच्छेजवळ ज्ञानसंगमला विद्यापीठाचंच पदव्युत्तर केंद्र आहे. महाराष्ट्रात जायचं असेल तर सीईटी सेलची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाच. महाराष्ट्राचा दावा असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव आहे का ते बघ. सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद असते, आणि माहीत नसल्यामुळे अर्जात तो रकाना रिकामा सोडणारे पुष्कळ आहेत.

पीजीसीईटीवर प्रवेश घेताना मात्र डोळे उघडे ठेव. तिथे स्टायपेंड नाही. कॉलेजात स्वतः जा, एम.टेक.च्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचार: प्रोजेक्टला गाइड वेळ देतात का, लॅब संध्याकाळी उघडी असते का, गेल्या वर्षीच्या मुलांनी कशावर काम केलं, कुठल्या कारखान्याशी काही करार चालू आहे का. सॉफ्टवेअरची फुल लायसन्स आहे की फुकटचं स्टुडंट व्हर्जन? त्या व्हर्जनवर मोठं मॉडेल चालत नाही. ओपनफोम आणि कॅल्क्युलिक्स ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहेत, पण ती शिकवणारं कुणीतरी हवं. वर्गात तीन-चारच मुलं असतील तर त्याचा फायदाही होतो, गाइड चांगला असेल तर.

जर्मनीचंही विचारलं होतंस. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या टीयूएमनेही परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी पैसे आधी भरून ठेवायच्या खात्यात, २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही रक्कम आधी उभी करावी लागते, आणि जर्मन भाषा चांगली नसेल तर तिथल्या कारखान्यात नोकरी अवघड. सध्या तुझ्यासाठी मी हा पर्याय मागे ठेवेन.

मराठी माध्यमाची धास्ती. थिसिसचं इंग्रजी साधं असतं: काय केलं, कसं केलं, काय निघालं. पेपर वाचत गेलीस की ती वाक्यं अंगवळणी पडतात. आणि तुझ्याकडे जे आहे त्याचीही किंमत ओळख. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलता येणारी इंजिनीअर मोल्डरशी, सुपरवायझरशी आणि मालकाशी थेट बोलू शकते. माझ्या प्रोजेक्टला लागलेली अर्धी माहिती मला सँड प्लांटवरच्या माणसाने दिली, कन्नडमध्ये, चहा पिताना. फौंड्रीत मुली कमी दिसतात हे खरं आहे, पण डिझाइन ऑफिस, सिम्युलेशन, मेट्रॉलॉजी (अचूक मोजमाप) इथे तुला कुणी अडवणार नाही, आणि शॉपफ्लोअरवर जाऊन मोजमाप घ्यायचा तुझा हक्क तू सोडू नकोस.

आता तुझ्यापुरतं माझं मत. गेटचा अर्ज भर आणि मनापासून दे. स्कोअर चांगला आला तर जा, आयटीची ऑफर सोड. नाही आला आणि घरी पैशाची खरोखर निकड असेल तर ऑफर घे, त्यात कमीपणा नाही. फक्त जास्त वर्षं गेली की मेकॅनिकलकडे परत येणं अवघड होतं, म्हणून पुढच्या वर्षीचं गेट डोक्यात ठेवूनच जा. निकड नसेल तर उद्यमबागेत, हत्तरगीला किंवा कागलला वर्षभर काम कर आणि पुन्हा गेट दे. पगार कमी मिळेल, पण एम.टेक.ला जाताना विचारायला स्वतःचा प्रश्न असेल. काम करता करता शिकायचं झालं तर बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा एम.टेक. आहे, पण त्याची फी बहुतेक कंपनी भरते तेव्हाच परवडते.

वडिलांना एकदा सरांच्या भेटीला घेऊन जा. स्टायपेंडचं आणि ३ वर्षं चालणाऱ्या स्कोअरचं सरांच्या तोंडून ऐकलं की बोलणं वेगळ्या वळणाने जाईल. आणि तुझा बी.ई.चा प्रोजेक्ट कशावर आहे ते इथे लिही. हीट ट्रान्सफरचाच असेल तर त्यात अजून काय वाढवता येईल आणि ते कुठल्या प्राध्यापकांना लिहून पाठवता येईल, ते मी सुचवतो.